गुरुजी दोन चव्वेचाळीसला झोपलेले होते

माणसावर चोरीचा आळ आला तर तो संतापतो, लाच खाल्ल्याचा आला तर वकील गाठतो. पण सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकावर असा आळ आला, की हे गृहस्थ रात्री दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी टक्क जागे होते आणि वर पत्रं लिहीत बसले होते, तर त्याने काय करावं? आमच्या गुरुजींना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

गुरुजी पौडला आमच्याच आळीत राहतात. पौड म्हणजे मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण. गुरुजींच्या घरातला दिवा रात्री साडेनऊला मालवतो. एकदा तो पावणेदहाला मालवला तर समोरच्या काकू विचारपूस करायला गेल्या होत्या, की वहिनींची तब्येत बरी आहे ना. अशा माणसाला ‘दोन चव्वेचाळीस’ हा आकडा एखाद्या शिवीसारखा लागला, यात नवल नाही.

प्रकरण साधंच होतं. एका सोमवारी गुरुजींच्या बँकेतून त्यांना एसेमेस आला, की तुमच्या खात्यातून ९,४०० रुपये गेले. गुरुजींनी ना कुणाला ओटीपी सांगितला होता, ना कार्ड घराबाहेर काढलं होतं. पण गुरुजी एसेमेस टपालासारखे गठ्ठ्याने वाचतात. त्यांनी तो गुरुवारी संध्याकाळी वाचला, घाम पुसला, जेवले, आणि रात्री नऊ वाजून चौदा मिनिटांनी बँकेला ई-मेल धाडून साडेनऊला झोपले. झोप लागली की नाही ते विचारलं नाही. दिवा मात्र वेळेवर मालवला होता.

आता रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलं होतं. व्यवहार भलत्यानेच केला असेल, त्यात ना बँकेची चूक ना ग्राहकाची, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याला एका पैचीही तोशीस नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर साध्या बचत खात्यावर दहा हजारांपर्यंतचा भुर्दंड त्याचा. सूचना मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, आणि तक्रार घेण्याची सोय चोवीस तास हवी, हेही त्यातच लिहिलेलं. म्हणजे सोमवार सोडा. मंगळ, बुध, गुरु. गुरुजींचा मेल तिसऱ्या दिवशी गेला, मध्यरात्रीला पावणेतीन तास शिल्लक असताना. पैसे परत यायला हवे होते.

आले नाहीत. बँकेच्या दप्तरी मेल शुक्रवारी पहाटे दोन चव्वेचाळीसला नोंदला गेला होता. चौथा दिवस. नऊ हजार चारशे गुरुजींच्या नावे खर्ची.

मी बँकेत कारकून आहे. गुरुजींचं खातं मात्र दुसऱ्या बँकेत आहे. तिचं नाव सांगत नाही. एका धंद्यातल्या माणसांनी एकमेकांची उणीदुणी नावानिशी काढू नयेत. मी गुरुजींना घेऊन तिथे गेलो. काउंटरपलीकडच्या तरुणाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये दोन चव्वेचाळीस आहे.”

वाचकहो, ‘सिस्टीममध्ये आहे’ हे वाक्य मी गेली वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूने उच्चारत आलो आहे. बाहेरच्या बाजूने ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते इतकं वाईट ऐकू येतं याची मला खरंच कल्पना नव्हती. ज्यांना ज्यांना मी ते ऐकवलं असेल, त्यांची मी इथे जाहीर माफी मागतो.

गुरुजी म्हणाले, “अहो, मी झोपलो होतो हो.”

तरुण म्हणाला, “सर, सिस्टीम झोपत नाही.”

हे उत्तर बिनतोड होतं. आम्ही घरी आलो.

कॉमर्सच्या पदवीधराला दुसरं काही येत नसलं तरी एक गोष्ट येते. तेरजेचे दोन आकडे जुळले नाहीत, की तो आधी त्यांचा फरक काढतो. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर समजायचं की कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे, ६३ च्या जागी ३६ लिहिलं आहे. मी दोन चव्वेचाळीसमधून नऊ चौदा वजा केले. उत्तर आलं, बरोबर साडेपाच तास. नऊने भागायची गरजच पडली नाही. साडेपाच तास हा आकडा शाळेच्या भूगोलात गुरुजींनीच मला पाठ करायला लावला होता. ग्रिनिच आणि हिंदुस्थान यांच्या घड्याळांतला फरक!

इथे माझा भाचा कामी आला. तो हिंजवडीला असतो. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, हे पुण्याच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही. पण सातबारा मुळशीचाच. एकाच तालुक्यात पौडला भातशेती आणि हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या. भाचा तिथे येणारे मेल यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे मेल माणूस लिहितो, वाचतं यंत्र, आणि उत्तरही यंत्रच देतं. “तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे,” हे वाक्य कोण लिहितं, हा माझा जुना प्रश्न त्याच्यामुळे सुटला.

तो म्हणाला, “मामा, तू नुसतं पत्र बघतोयस. पाकीट बघ.”

ई-मेललाही पाकीट असतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने गुरुजींच्या फोनवर कुठेतरी दाबून ते उघडलं. पंचवीस-तीस ओळी इंग्रजी मजकूर, आणि त्यात, काय सांगू, पोस्टाचे शिक्केच शिक्के! पूर्वी पोस्टकार्डावर सुटल्या गावचा एक आणि पोचल्या गावचा एक, असे शिक्के असत. तसंच इथे मेल ज्या ज्या यंत्रातून जातो, ते प्रत्येक यंत्र आपली वेळ टाकतं. पहिली ओळ गुरुजींच्या फोनची: २१:१४, आणि पुढे शेपूट, +०५३०. म्हणजे ‘हे घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे’. दुसरा शिक्का कॅलिफोर्नियातल्या घड्याळाचा: ०८:४४, -०७००. पौडहून पुण्याच्या बँकेला लिहिलेलं पत्र कॅलिफोर्नियाच्या घड्याळाची साक्ष घेऊन आलं होतं! पण गंमत पाहा. नऊ चौदामधून साडेपाच तास वजा करा. ग्रिनिचला दुपारचे तीन चव्वेचाळीस. सकाळच्या आठ चव्वेचाळीसमध्ये सात तास मिळवा; पुन्हा तीन चव्वेचाळीसच. घड्याळं वेगवेगळी, क्षण एकच. इतका जुळणारा ताळेबंद मी माझ्या शाखेतही क्वचित पाहिला आहे.

“मग यांच्या सिस्टीमने दोन चव्वेचाळीस आणले कुठून?”

“सोपं आहे,” भाचा म्हणाला. “त्यांच्या प्रोग्रॅमने तारीख आणि वेळ उचलली आणि शेपूट टाकून दिलं. मग २१:१४ ही ग्रिनिचचीच वेळ समजला. आणि मग भारतातल्या साहेबांना दाखवायची म्हणून तीत साडेपाच तास मिळवले.”

म्हणजे आमचे साडेपाच तास दोनदा जमा झाले. एकदा गुरुजींच्या फोनने केले, एकदा बँकेच्या यंत्राने. एकच जमा दोनदा टाकली तर कारकुनाला मेमो मिळतो. यंत्राला बहुधा बढती मिळत असावी.

मी विचारलं, “पण शेपूट का टाकतात?”

तेव्हा भाच्याने जे सांगितलं, त्याने माझ्या अंगाची लाही झाली. ई-मेलची तारीख कशी लिहावी याचे नियम १९८२ साली अमेरिकेत छापले गेले. त्यांना आरएफसी ८२२ म्हणतात. वेळेचा विभाग आकड्यांत लिहायची सोय त्यात होती, पण नावांनी लिहायचीही होती. आणि नावं कुणाची? ग्रिनिचचं, आणि अमेरिकेच्या चार विभागांची. तीही दोन-दोन, थंडीतलं वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं. संपली यादी! उरलेल्या जगासाठी लष्करी पद्धतीची एकेक अक्षरं ठेवली होती. एक अक्षर म्हणजे पूर्ण एक तास. अर्ध्या तासाला अक्षरच नाही. म्हणजे साडेपाचवाला हिंदुस्थान त्या पंगतीत बसायला गेला, तर पाट पाचव्याचा घ्यावा की सहाव्याचा? आणि कळस असा, की त्या अक्षरांची अधिक-वजाची चिन्हंही उलटी छापली गेली होती. १९८९ च्या दुसऱ्या एका दस्तऐवजात ते कबूल केलं, आणि सांगून टाकलं, की या अक्षरांवरून काहीही कळत नाही असंच समजावं. सरकारी परिपत्रकाचं शुद्धिपत्रक असतं ना, अगदी त्याच वळणाचं.

“मग आपण ‘आयएसटी’ असं लिहिलं तर?” मी विचारलं.

“कुठलं आयएसटी?” भाचा म्हणाला. “इंडियाचं, इस्राएलचं, की आयर्लंडचं?”

वाचकहो, मला हे माहीत नव्हतं. ही तीनच अक्षरं इस्राएलची प्रमाण वेळही सांगतात, ग्रिनिचच्या दोन तास पुढची. आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही सांगतात, एक तास पुढची. आमच्या शाखेत एकाच नावाचे तीन खातेदार असले तर आम्ही खाते क्रमांक विचारतो. ‘हा बहुतेक वरच्या आळीतला असावा’ असं म्हणून त्याच्या नावावर पैसे टाकत नाही. निदान टाकल्याचं कबूल करत नाही.

२००१ साली हे नियम सुधारले. तेव्हापासून सर्वांनी आकड्यांतच लिहायचं. आणि अनोळखी अक्षरं दिसली, तर ती ‘-००००’ आहेत असं समजायचं. शून्याला वजा चिन्ह! या चिन्हाचा अर्थ असा, की वेळ ग्रिनिचची धरा, पण लिहिणारा कुठल्या गावचा ते ठाऊक नाही. शून्याला वजा लावून ‘मला माहीत नाही’ असं म्हणण्याची ही युक्ती मला फार आवडली. नियम लिहिणारा माणूस प्रामाणिक होता. पण प्रोग्रॅम लिहिणारे ते वजा चिन्ह वाचतच नाहीत. ‘मला माहीत नाही’चं ‘ग्रिनिचच आहे’ असं करून मोकळे होतात. माझं भांडण आहे ते इथे.

भाच्याने बचाव केला. “मामा, काहीतरी धरून चालावंच लागतं. लाखो मेल येतात. एकाची वेळ कळली नाही म्हणून प्रोग्रॅम थांबवायचा का?”

थांबवू नये. पण माझ्या धंद्यात यावर जुना उपाय आहे. त्याचं नाव सस्पेन्स खातं. पैसे आले, कुणाचे ते कळत नाही. तर ते भलत्याच्या खात्यात टाकायचे नाहीत, परतही धाडायचे नाहीत. सस्पेन्समध्ये ठेवायचे, आणि शोध लागला की हक्काच्या माणसाला द्यायचे. काम थांबत नाही आणि खोटंही लिहावं लागत नाही. मेलची वेळ कळली नाही तर जे लिहिलं आहे ते शेपटासकट जसंच्या तसं ठेवा, आणि शेजारी लिहा: विभाग अज्ञात. मग माणसाला बघू द्या. नुसती वेळ म्हणजे चलनाशिवायची रक्कम. ‘पाचशे पाठवले’ असं लिहून आलं तर आम्ही विचारतो, रुपये की डॉलर? ‘सोयीसाठी डॉलर धरले’ असं म्हणणाऱ्या कारकुनाला घरी बसवतील. वेळेच्या बाबतीत मात्र हेच करणाऱ्याला हिंजवडीला बसवतात.

दुसरा आक्षेप आमच्या शाखेतल्या मित्रांचा. ते म्हणतात, “हिंदुस्थानात एकच वेळ. शेपूट लिहायचंच कशाला?” आपण एका वेळेचे लोक झालो, म्हणूनच ही सवय गेली. पण आपण कायम असे नव्हतो. भारतीय प्रमाण वेळ सुरू झाली ती १ जानेवारी १९०६ रोजी. मुंबईकरांनी ती मानली नाही! मुंबईचं घड्याळ या नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होतं, आणि ती एकोणचाळीस मिनिटं सोडायला मुंबई महापालिका तयार नव्हती. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत चालवली. मुंबईने १९५५ पर्यंत. त्याच्याही आधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, तेव्हाही मुंबई मद्रासच्या घड्याळाला जुमानत नव्हती. बरं, प्रमाण वेळ तरी स्थिर होती का? १९४२ ते १९४५, युद्धाच्या काळात, सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे ढकललं होतं. साडेपाचचे साडेसहा केले होते.

त्या काळात मुंबईत कुणी ‘सहा वाजता या’ म्हटलं, की शहाणा माणूस विचारी, ‘कोणते सहा?’ कुणी त्याला तर्कट म्हणत नसे. पंचांगकर्ते आजही सूर्योदयाची वेळ देताना ती कोणत्या गावची ते सांगतात. म्हणजे मळकट पंचाचा जोशी जे जाणतो, ते काचेच्या बारा मजली इमारतीतल्या वातानुकूलित प्रोग्रॅमला कळत नाही. हिंजवडीची मुलं तर दिवसभर न्यूयॉर्कची वेळ बघून फोन करतात, कॅलिफोर्नियाची बघून जेवतात. एका देशात एकच वेळ असेल. पण आपली पत्रं वाचणारी यंत्रं एका देशात बसत नाहीत.

आमच्या तालुक्याला तसा झगड्याचा इतिहास आहे. १९२१ साली धरणात जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी वाचल्या नाहीत. पाणी आलं, वीज मुंबईला गेली. पण आपलं जे जातंय त्याला ‘जातंय’ म्हणायचं, एवढं तरी मुळशीकर शिकला. माझी ताकद सत्याग्रहाची नाही, अर्ज लिहिण्याची आहे. तर मी अर्ज लिहिला.

अर्जात मी गुरुजींच्या झोपेविषयी अवाक्षर काढलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या तेराव्या कलमात म्हटलं आहे, की इलेक्ट्रॉनिक पत्र घेण्यासाठी जो संगणक ठरवून दिलेला असेल, त्यात ते शिरलं की मिळालं. ते प्रोग्रॅमने केव्हा वाचलं आणि काय समजून वाचलं, याला महत्त्व नाही. आणि पाकिटावर सर्वांत वरचा शिक्का खुद्द त्या बँकेच्या दारातल्या यंत्राचा होता! बँकेने पोच म्हणून गुरुजींचा मूळ मेल परत जोडला होता, त्यावर तो स्वच्छ उमटला होता: गुरुवार, २१:१४, +०५३०. दारावरच्या रखवालदाराने वेळ बरोबर लिहिली होती. आतल्या साहेबाने चुकीची वाचली होती. कुठल्याही कचेरीत असंच असतं म्हणा.

अकराव्या दिवशी ९,४०० रुपये जमा झाले. सोबत पत्र आलं, की ‘विशेष बाब म्हणून, सद्भावनेपोटी’ ही रक्कम देण्यात येत आहे.

मी पेढे आणले. गुरुजींनी पेढ्याला हात लावला नाही. म्हणाले, “अरे, सद्भावना कसली? माझे होते, माझे आले. आणि ते दोन चव्वेचाळीस?”

ते दोन चव्वेचाळीस अजून तसेच आहेत. मी दोनदा विचारलं. नोंद बदलता येत नाही म्हणाले. म्हणजे पैसे गुरुजींच्या खात्यात आले, पण गुरुजी अजून त्या रात्री जागेच आहेत. आणि मला झोप येत नाही ती दुसऱ्याच कारणाने. गुरुजींच्या शेजारी कारकून राहतो, कारकुनाला हिंजवडीत भाचा आहे. ज्यांच्या शेजारी कुणी नाही, त्यांची किती पत्रं रात्री नऊला निघून ‘उशिरा मिळाली’ म्हणून फाइल झाली असतील? त्यांना कुणी पाकीट उघडून दाखवलं असेल? अंदाज करणाऱ्याने खुशाल करावा. पण चुकला तर भुर्दंड त्याने भरावा, एवढंच माझं मागणं आहे. अंदाज यंत्राचा आणि नऊ हजार चारशे गुरुजींचे, हा कुठला हिशेब?

गुरुजी आता कोणतीही वेळ शेपटाशिवाय लिहीत नाहीत. दूधवाल्याच्या वहीतही लिहितात: सकाळी ६.१०, +०५३०. परवा त्यांच्याकडे सत्यनारायण होता. निमंत्रणाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत होतं: ‘तीर्थप्रसाद सायंकाळी ठीक ६ वाजता, पौड, +०५३०’. इतकं स्पष्ट निमंत्रण आमच्या आळीत आजवर कुणी दिलं नव्हतं.

पाहुणे आले सहा एकोणचाळीसला. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “मुंबई टाइम.”